आत्याचे चार सेकंद

माझी मंदाआत्या वैमानिकाच्या परीक्षेत नापास झाली आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच फुशारकी मारणार आहे.

गोष्ट २०४३ सालची. आत्याला हवाई रुग्णवाहिका चालवायची होती. नागपूरच्या सराव केंद्रात तिची परीक्षा होती, सिम्युलेटरमध्ये (जमिनीवरच राहून उडण्याचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या यंत्रात). परीक्षा घेणारी टिटवी, म्हणजे पिवळ्या पायांची एक रोबो. बडबडही अगदी टिटवीसारखीच! मी मागच्या काचेआड बसून बघत होते.

ढगांतून विमान खाली आलं आणि धावपट्टीवर एक नीलगाय धावत आली. आत्याला ती दिसलीच नाही. धाडकन पडदा लाल झाला.

"परवा शेवटची संधी," टिटवी म्हणाली. "ती हुकली, तर वर्षभर थांबा."

"पण मी समोरच बघत होते!" आत्या म्हणाली. दोन वर्षं ती या दिवसासाठी राबली होती.

टिटवीने चित्रफीत दाखवली. आत्याने वेळ मोजायला स्वतःचा फोन मांडीवर ठेवला होता. तो उजळला, तिची नजर खाली गेली आणि चार सेकंदांनी वर आली. फोनवर संदेश होता, 'ऑल द बेस्ट आत्या!!!' आणि खाली नाचणारे अकरा पोपट. पाठवणारी मीच. मला रडू कोसळलं.

"काहून रडतेस गं, ओवी?" आत्याने मला जवळ घेतलं. "फोन मी ठेवला होता ना? चूक माझीच."

डोळे पुसले, तरी एक कोडं मला सुटेना. "मग यंत्रात तुझ्यासमोर टॅबलेट कसा लावलाय? तीच काच, तीच बॅटरी. तो चालतो आणि फोन का नाही?"

"खिशात सागरगोटे आहेत ना तुझ्या? खेळ," टिटवी म्हणाली.

गल्लीत मला सागरगोट्यांत कोणी हरवत नाही. एक वर उडवायचा, खालचे उचलायचे, वरचा झेलायचा. मी झोकात सुरुवात केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तरी सागरगोटा नाकावर आपटला.

"पाहिलं नाहीस, पण मनात काय आलं?"

"कोणाचा असेल, एवढंच!"

"तेवढंच पुरतं. लक्ष एका वेळी दोन ठिकाणी नसतं. ते उड्या मारतं, इथून तिथे, तिथून परत. परत आल्यावर कुठे होतो हे आठवायलाही वेळ लागतो. आता हिशेब कर. विमान सेकंदाला साठ मीटर जातंय. चार सेकंद फोनचे, दोन परत येण्याचे."

"तीनशे साठ मीटर!" माझ्या अंगावर काटा आला. एवढं अंतर आत्याने आंधळेपणी कापलं होतं.

"आणि टॅबलेट विमान-अवस्थेत असतो (बाहेरचा संदेश आत येऊ न देणाऱ्या स्थितीत). त्यात फक्त नकाशे. तो विचारलं तरच बोलतो. तुझा फोन न विचारता बोलतो."

"तुझ्यासारखा," मी म्हणाले.

वैमानिकांची एक रीत मला फार आवडते. उड्डाणाआधी एकजण यादी वाचतो आणि दुसरा एकेक गोष्ट हाताने तपासून मोठ्याने उत्तर देतो. 'इंधन?' 'पूर्ण.' मी आत्याच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ लिहिली आणि आईच्या जुन्या ओढणीची एक थैली शिवली. टाके वाकडे आले, पण तोंड घट्ट बंद होत होतं.

परवाचा दिवस उजाडला. टिटवीने यादी हातात घेतली.

"फोन?"

"बंद. थैलीत. थैली मागच्या कप्प्यात," आत्या खणखणीत आवाजात म्हणाली.

मी काचेआड बसले होते. माझ्या फोनवर संदेश लिहून तयार होता. थैलीतल्या बंद फोनला तो कळणारही नव्हता, तरी मी बोट मागे घेतलं. ढग आले, धावपट्टी दिसली. या वेळी नीलगाय एकटी नव्हती, मागे पाडसही होतं!

"पुन्हा वर!" आत्या ओरडली. विमान गरजत उचललं गेलं. खालून मायलेकरं पळाली. आत्याने एक घेर घेतला आणि विमान असं अलगद टेकवलं, की आत भरलेला पेला ठेवला असता, तरी त्यातलं पाणी हललं नसतं.

"उत्तीर्ण!" टिटवी तिच्या पिवळ्या पायांवर नाचायला लागली. मी काच बडवत होते, हसत होते, रडत होते.

इंजिन थांबलं. आत्याने थैली उघडून फोन सुरू केला. तेव्हा कुठे मी बटण दाबलं. बावीस पोपट.

सोमवारी आत्या भामरागडहून एका दोन दिवसांच्या बाळाला नागपूरच्या दवाखान्यात आणणार आहे. आभाळात ती असेल, बाळ असेल आणि मागच्या कप्प्यात माझी वाकड्या टाक्यांची थैली. माझा फोन ती उतरेपर्यंत गप्प राहील. त्या उड्डाणातलं तेवढं काम माझं आहे.