उसनं वजन

प्रवासी विमानातल्या खुर्च्या काढून भिंतींना गाद्या ठोकल्या, की झाली प्रयोगशाळा. विमान जोरात वर चढताना अंगाचं वजन दुप्पट होतं आणि माथ्यावरून वळताना काही सेकंद वजनच उरत नाही. हेमांगी दाभाडे सकाळपासून अशाच फेऱ्या मारत होती.

तिने बनवलेली प्राणवायूपेटी बॅटरीवर चालायची आणि पाण्यातून प्राणवायू काढायची. तशीच दुसरी पेटी वर अंतराळस्थानकात होती आणि तिथे तिचा दादा, शिरीष, एकटाच होता. स्थानकाची वीज कालच गेली होती. साठ्यातली हवा संपत आली होती. पेटी सुरू करण्याआधीची ही शेवटची खात्री.

"पुन्हा पास!" तिचे वरिष्ठ डॉ. सबनीस तरंगत म्हणाले. "आता तरी हस की, बाई."

तिला हसू येईना. विमान पुन्हा चढू लागलं, तशी ती पेटीच्या काचेला डोळे लावून बसली. पाण्यातल्या धातूच्या पट्ट्यांवर प्राणवायू तयार होत होता आणि त्यांना चिकटलेले बुडबुडे सुटून भराभर वर पळत होते. ती गर्रकन सबनिसांकडे वळली.

"सर, बुडबुडे आपली पेटी सोडवत नाहीये! विमान सोडवतंय, चढताना. दादाकडे कुठली आलीय चढण? तिथे ते पट्टीवरच साचतील. मग पाणी पट्टीला लागणार नाही आणि प्राणवायू बंद."

"छे! खात्री कशी करायची?"

"पेटी पालथी घालते. मग चढतानाही ते पट्टीखालीच अडकतील."

पुढच्या फेरीत वजन गेलं आणि प्राणवायूचा काटा शून्यावर आला. सबनिसांचा चेहरा खर्रकन उतरला.

नियंत्रण कक्षाने विमानातूनच स्थानकाशी बोलणं जोडून दिलं.

"काय गं हेमे, पास का?"

"नापास, दादा. माझं चुकलं. पण ऐक. पेटी दोरीला बांध, पाय कुठेतरी अडकव आणि गरगर फिरव, गोफणीसारखी. तेवढ्यानं आत वजन येईल आणि बुडबुडे सुटतील."

बराच वेळ नुसती फिरणाऱ्या पेटीची घूं घूं ऐकू आली.

"सुटतायत!" दादा धापा टाकत म्हणाला. "किती वेळ फिरवायची?"

"सुटकेचं यान येईपर्यंत. परवापर्यंत. मध्ये थोडं थांबलास तर चालेल."

"आणि झोप लागली तर?"

हेमांगीने डोळे पुसले. "लागू देतेय होय! लहानपणी तू माझी सायकल विहिरीत घातलीस ना, तिथून भांडायला सुरुवात करते. बोल, का घातलीस?"