हं, मंग?

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असा माझा समज होता. रात्री घाबरायचं, सकाळी चहा पिताना हसायचं.

ही गोष्ट भर दुपारची आहे. म्हणून तर हसता येत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. पाचोऱ्याच्या पुढचं एक खेडं. नाव लिहीत नाही, तिथे माणसं नांदतायत अजून. जिच्यावर हे बेतलं ती सबीहा सिस्टर माझी शेजारीण. तिला खोटं बोलता येत नाही. माझी भाजी खारट झाली तर वाटी परत देताना तोंडावर सांगते. त्यामुळे ती सांगेल ते मी खरं धरते.

सबीहाचं काम असं, की कोवळ्या वयात आई झालेल्या पोरींच्या घरी जायचं. पोटात बाळ असल्यापासून ते चालायला लागेपर्यंत. वय विचारलं की सगळ्या अठराच्या. गाल मात्र शाळेतले. सबीहा त्यांना रागवत नाही. खाली फतकल मारून बसते आणि बाळाशी बोलायला शिकवते.

"बाळ आवाज काढतं ना, ते त्याचं बोलणं असतं. ते बोललं की आपण गप्प राहायचं. मग म्हणायचं, ‘हं, मंग?’ की परत त्याची पाळी. यानंच त्याचं डोकं वाढतं, बाई."

आणि निघताना प्रत्येक घरी तिचं एकच वाक्य. "छान चाललंय. असंच चालू ठेवा बरं का!"

त्या वाक्यानंच घात केला.

जागृती धुळ्याची. राजदीपबरोबर पळून आलेली, म्हणून माहेर तुटलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हिचं सासरीच झालं. नवरा ट्रकवर. सासू भिकुबाई मजुरीला. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत दिवसभर ही आणि तिची तान्ही मुलगी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात धान्याची मोठी कोठी. खिडकी नाही.

एप्रिलमध्ये सबीहा तिथे गेली, तेव्हा बाळ गोधडीवर पडलं होतं. मान कोठीकडे.

"अंऽऽ... गूंऽ..."

बाळ थांबलं. कान देऊन थांबलं. मग खुदकन हसलं.

"अंऽऽ..."

परत थांबलं.

सबीहा हरखली. "अगं, ही तर पाळीपाळीनं बोलते! एवढ्याशा वयात! कोण बोलतं गं हिच्याशी?"

जागृती ओढणीचं टोक चघळत म्हणाली, "मी नाही सिस्टर. मला लाज वाटते. एकटीनं काय बडबडायचं?"

"मग भिकुबाई, तुम्ही?"

डोक्याला फडकं बांधत भिकुबाई दारातून म्हणाली, "माले कोठे टाइम शे वं माय! दिन उगताच जास, दिन बुडना की येस."

सबीहा हसली. बाळ बघत होतं त्या कोपऱ्याकडे वळून तिनं गमतीत हात जोडले. "मग जो कोणी बोलत असेल, त्याला सांगते. छान चाललंय. असंच चालू ठेवा बरं का!"

उन्हानं छपराचा पत्रा तडतडत होता.

तो तेवढ्यापुरता थांबला.

सबीहाला ते जाणवलं. पण स्कूटीला किक मारताना विसरली.

मे महिन्यात जागृतीचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"सिस्टर, ती माझ्याकडे बघतच नाही."

"ताप आहे का?"

"नाही. हसते, खेळते. पण माझ्याकडे बघत नाही. आणि परवापासून अंगावर पीत नाही."

दूध तोडलेलं तान्हं बाळ म्हणजे उशीर चालत नाही. सबीहा तशीच निघाली. दुपारची वेळ. गावात चिटपाखरू नाही. दारं लावलेली, कुत्री गटारीत पडलेली. पऱ्हाट्यांच्या ढिगावर एक पान हलत नव्हतं.

जागृती दारातच बसली होती. खोलीकडे पाठ करून. दूध दाटून तिचा गाऊन भिजला होता, अंगात कणकण होती. महिन्याभरात ती स्वतः निम्मी झालेली.

"आत का नाही बसत?"

"मी आत गेले की ती रडते, सिस्टर. मी बाहेर आले की गप्प होते."

सबीहानं आत जाऊन बाळाला वजनाच्या झोळीत ठेवलं. काटा पाहिला. झोळी सोडवली, काटा शून्यावर आला. परत लटकवली.

वजन वाढलं होतं. चांगलंच वाढलं होतं.

"वरचं दूध देता का?"

"नाही. घरात बाटली पण नाही."

सबीहानं बाळाला मांडीवर घेतलं. तोंड पुसायला रुमाल लावला... ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं.

ताजं. कोमट.

वीस वर्षांची नोकरी, हातांना सवय असते. तिनं पिशवीतून खुळखुळा काढला. उजव्या कानाशी वाजवला. बाळानं मान डावीकडे, कोठीकडे वळवली. डाव्या बाजूनं, अगदी कोठीला टेकून वाजवला. बाळ खुळखुळ्याच्या पलीकडे बघत राहिलं. थोडं वर.

जिथे बसलेल्या बाईचा चेहरा असतो, तेवढं वर.

"अंऽऽ... गूंऽ..." बाळ म्हणालं.

आणि थांबलं.

पत्र्याची तडतड थांबली. बाहेरचं जागृतीचं मुसमुसणं ऐकू येईना. सबीहाला स्वतःचा श्वासही ऐकू येईना...

मग कोठीमागून आवाज आला. हळू. लाडानं.

"हं... मंग?"

बाळ हसलं.

सबीहा किंचाळली नाही. तिला वाटलं, किंचाळले तर बाळ हातातून सुटेल. तिनं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि पाठ न वळवता, मागे मागे सरकत दाराकडे निघाली. खुळखुळा आतच राहिला.

उंबरा ओलांडला आणि बाळानं टाहो फोडला. दाराकडे दोन्ही हात ताणले. जागृतीनं घ्यायला हात पुढे केले, तर अंग ताठ केलं. पोटच्या पोरीनं आईकडे यायचं नाकारलं. जागृतीनं हात मागे घेतले.

"सिस्टर, ती माझी आहे ना हो?"

"तुझीच आहे. चल इथून."

समोरच्या लिंबाखाली बसून सबीहानं धुळ्याला फोन लावला. जागृतीच्या आईला, आक्काबाईला.

"आमच्याकरता ती मेली," आक्काबाई म्हणाली.

"मेल्यावर म्हणा ना तसं! आज जिवंत आहे. गाडी करा, आणि दिवस मावळायच्या आत न्यायला या."

आक्काबाईनं फोन ठेवला. पण ती आली. शेजाऱ्याची जीप घेऊन, पायात दोन वेगळ्या चपला घालून आली.

तोवर कोणीतरी सांगितलं म्हणून भिकुबाई शेतातून धावत परतली. सबीहानं तिला फक्त एवढंच विचारलं, "त्या खोलीत आधी कोण राहायचं?"

भिकुबाईनं डोक्याचं फडकं सोडलं. तोंड पुसलं. खूप वेळ पुसत राहिली.

"मनी मोठी सून. छबी. या पोरीएवढीच व्हती. गाडी टाइमवर उनी नही, दोन्ही गयात. ती आणि पोटमानं लेकरू."

"कशी होती?"

"गुणनी व्हती. बठ्ठा दिन एकलीच. पोटवर हात ठीसन बोलत बसे. तवानी सिस्टर सांगी गयती, लेकरूशी बोलत जाय म्हणीसन." तिनं खोलीकडे पाहिलं, लगेच नजर काढली. "आमी असलं काई मानतस नही, सिस्टर."

"मी पण नाही मानत," सबीहा म्हणाली.

दोघी बायका, काही न मानणाऱ्या. दोघींपैकी एकीनंही ते दार जाऊन लावलं नाही.

जीप निघाली. बाळाचं रडणं गावाबाहेरपर्यंत ऐकू येत होतं. अंधार पडल्यावर जागृतीचा फोन आला. रडत होती, पण हे रडणं निराळं होतं. "पारोळ्याच्या पुढे आलो, सिस्टर. ती प्यायली. माझ्याकडे बघत प्यायली."

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

राजदीपनं नंतर धुळ्यातच काम धरलं. बाळ गुटगुटीत आहे. जागृतीची लाजही गेली, दिवसभर पोरीशी बडबडते. दिवाळीच्या सुमारास तिनं सबीहाला एक व्हिडिओ पाठवला. सबीहा पापड लाटायला आली होती तेव्हा तिनं मला दाखवला.

बाळ बसलेलं. छान, लोडाला टेकून.

"अंऽऽ... बाबाबा..."

"हं, मंग?" मोबाईल धरलेली जागृती म्हणाली. हसऱ्या, स्वच्छ आवाजात.

बाळ हसलं नाही. थांबून राहिलं. आईच्या खांद्याच्या जरा मागे, थोडं वर बघत.

आणि मग, तिच्या मागून, हळू, लाडानं...

"हं... मंग?"

तेव्हा बाळ हसलं.

माझा मुलगा म्हणतो, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. असेल. मी त्याला परत लावून दाखव म्हटलं नाही. सबीहानं मोबाईल पालथा ठेवला आणि आम्ही उरलेले पापड लाटायला घेतले.

सबीहा अजून घरोघरी जाते. बाळाशी बोलायलाही शिकवते, ते काही सोडलं नाही तिनं.

पण निघताना "असंच चालू ठेवा" म्हणत नाही. आधी पोरीचा हात हातात घेते, तिला नावानं हाक मारते, आणि अगदी तिच्या कानाशी म्हणते, "तू. तू बोलत जा."

खोलीत दुसरं कोणी ऐकत असेल तर, त्याला कळू नये म्हणून.