तिसरी पोच

काम सांगायला सोपं होतं. सर्व्हरनं एका फोल्डरवर नजर ठेवायची. आतली फाइल कुणी पुसली किंवा नवी आणली, की जोडलेल्या संगणकांना वर्दी द्यायची, आणि त्यांनी उलट पोच द्यायची. हा पहारेकरी प्रोग्राम तिनंच लिहिला होता आणि आता तो कुठंतरी चुकत होता. चूक शोधता शोधता तिचा आठवडा संपला होता. दुखणारी मान, गार झालेला चहा, खिडकीबाहेरची पार्किंगची जागा, सगळ्याचा तिला सारखाच कंटाळा आला होता.

चाचणीसाठी फाइली हव्या होत्या. हाताला लागल्या त्या तिनं घेतल्या: आईच्या आवाजाच्या. आईला हल्ली विसरायला होत होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून ती एकेक आठवण फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची. शाळेतल्या मारकुट्या बाई, लग्नात हरवलेली चप्पल, थोरल्या मुलाला आलेला गोवर. फाइल पुसायची, वर्दी गेली का बघायचं, जपून ठेवलेली प्रत परत आणायची. या धंद्यात सगळे असंच करतात. प्रत असली की पुसताना कुणाचा हात अडखळत नाही.

वर्दी दोन ठिकाणी जायला हवी होती, तिच्या संगणकावर आणि समोरच्या टेबलावरच्या मामांच्या. वयानं मोठे म्हणून सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. पोच मात्र तिघांची येत होती.

"मामा, तुम्ही आणखी एखादं मशीन जोडलंय का?"

"हे एकच झेपेना मला, बाई."

तिसऱ्या पोचेवर पाठवणाऱ्या मशीनचा पत्ताच नव्हता. तिनं वायर काढून बघितली, सर्व्हर बंद करून चालू केला. स्वारी परत हजर. त्याची एक खोडही तिच्या ध्यानात आली. फाइल पुसल्याची वर्दी तो तत्परतेनं घ्यायचा. तीच फाइल परत आणल्याची वर्दी मात्र घेतच नसे. कुठलं तरी अर्धवट तुटलेलं कनेक्शन असेल, असं म्हणून तिनं चपलेची फाइल पुन्हा पुसली.

दुपारी घरून वहिनीचा फोन आला.

"अगं, आज आईंचं काही खरं नाही. ती चपलेची गोष्ट रोज सांगतात ना? आज मीच विषय काढला, तर म्हणाल्या, कसली चप्पल?"

"होतं असं एखाद्या दिवशी."

"गोवर आठवत नाही. त्या मारकुट्या बाईसुद्धा नाहीत. मी जरा औषधं आणायला निघालेय, त्या एकट्याच आहेत. फोन कर त्यांना."

तिनं फोन ठेवला आणि फोल्डर उघडला. सकाळपासून तिनं याच तीन फाइली पुसून परत आणल्या होत्या. तिन्ही जागच्या जागी होत्या. एक लावून ऐकली, तर आई हसत हसत चपलेबद्दलच सांगत होती.

योगायोग, असं तिनं मनाला बजावलं. अजून हात न लावलेली एकच फाइल उरली होती. त्या फाइलीत आई लेकीच्या जन्माच्या दिवसाबद्दल बोलत होती आणि मध्येच तिला 'ठमे' अशी हाक मारत होती. बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढी हाक राहू दे, असं तिला इतकं कळवळून वाटलं की डोळेच भरून आले.

तिनं घाईघाईनं ती फाइल उचलली आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली.

पडद्यावर वर्दी उमटली. पुसली.

फाइल बाहेर नेली काय आणि पुसली काय, पहारेकऱ्याला दोन्ही सारखंच. तो नियम तिनंच घातला होता. थकलेल्या डोक्याला तो आठवला नाही.

एक पोच आली. दुसरी आली.

तिसरीही आली.

मग तो तिसरा जोडलेल्यांच्या यादीतून आपणहून निघून गेला.

तिनं घरी फोन लावला. आईनंच उचलला.

"आई, मी बोलतेय."

"मी कोण?"

"अगं, तुझी मुलगी."

आई हसली. परक्या माणसाशी बोलताना हसायची, तसं.

"तुमचा काहीतरी घोटाळा झालाय हो. माझी मुलगी इथेच बसलीये माझ्याजवळ. आत्ताच आली. थांबा हं, देते तिला."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"घे गं, ठमे," मागून आईचा आवाज आला, "कुणीतरी बाई आहेत."