खानवेलचे छत्तीस फोटो

"आठ दिवसांत त्या माणसाचं नाव सांगा, नाहीतर सोयरीक मोडली असं समजा. असं कळवलंय त्यांनी," वसंतराव मुळ्ये म्हणाले आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

गोकुळला वाईट वाटलं. गोकुळला कोणाचंही लगेच वाईट वाटायचं. सायली गावच्या एका कारखान्यात गेटवर असताना याच गुणापायी त्याने एका चोराला चहा पाजून घरी पाठवला होता आणि नोकरी घालवली होती. तेव्हापासून तो रजनी चिटणीस यांच्याकडे कामाला होता. रजनीबाई मुंबईच्या टपाल खात्यात बारा वर्षं गहाळ पत्रांच्या तक्रारी तपासत होत्या. आता सिल्वासात, आमली भागातल्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत, त्या लोकांच्या खाजगी भानगडी तपासत. पत्र असो की माणूस, वाटेत कुठे अडलं ते शोधायचं, काम एकच, असं त्यांचं म्हणणं.

वसंतरावांची मुलगी वैशाली शेजारी खाली मान घालून बसली होती. बत्तीस वर्षांची, इथल्या मराठी शाळेत शिक्षिका. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. वडील जिल्हा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दोन स्थळं आधी जुळता जुळता फिसकटली होती. रत्नागिरीच्या अभिजीतचं हे तिसरं.

"फोटो दाखवा," रजनीबाई म्हणाल्या.

वैशालीने पाकिटातून फोटो काढला. नवऱ्या मुलाच्या घरी तो निनावी गेला होता, त्यांनी तो परत पाठवला होता. शाळेच्या सहलीत खानवेलला नदीकाठच्या खडकावर वैशाली मोकळेपणाने हसत बसली आहे. तिच्या डाव्या अंगाला, अगदी लगटून, शाळेचा शिपाई झिपरू चहाची किटली घेऊन बसला आहे. आणि वैशालीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं विसावली आहेत.

"अरे देवा," गोकुळ पुटपुटला.

"ती बोटं मृणालची आहेत," वैशाली पहिल्यांदाच बोलली. "माझी मैत्रीण, शाळेतलीच. ती उजवीकडे बसली होती, तिने पाठीमागून हात टाकला होता. तिच्या बाजूचा भाग कापलाय. अख्खा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. मी तो त्यांना पाठवलाही."

"मग त्यांची खात्री पटली असेल."

"पटली. पण अभिजीतचे वडील म्हणतात, तुमच्यावर एवढा डूख धरणारा कोण, ते कळू दे. लग्नानंतर आमच्या दारात रोज अशी पाकिटं नकोत."

"कोण म्हणजे काय?" वसंतराव उसळले. "तो झिपरूच. बढाई मारायला केलं असणार. अल्बम शाळेत याच्या-त्याच्याकडे तोच पोचवत होता. मी हेडमास्तरांना सांगून घरी बसवलाय त्याला."

रजनीबाईंनी फोटो उलटा केला. मागे फिकट जांभळा शिक्का होता, ४४१७. मग कडा पाहिल्या. तीन बाजूंना पांढरी किनार होती, चौथी बाजू सरळ कापलेली होती.

"रोल कुठे धुतला?"

"मुंबईला, टपालाने," वैशाली म्हणाली. "सगळ्यांत बराच वाद झाला. जयंतीभाईच्या स्टुडिओत द्यावा असं मृणालचं मत होतं. पण या लॅबची जाहिरात बाबांनी पेपरातून कापून ठेवली होती. पिशवी फुकट, अल्बम फुकट, पैसे मागाहून, व्ही. पी. सोडवताना पोस्टमनला द्यायचे. सगळ्यांना ते पटलं. आमच्या घरचा पत्ता टाकला, कारण दिवसा घरी बाबाच असतात. त्यांनीच पिशवी पोस्टात टाकली, आलेलं पाकीट सोडवलं, आणि मी शाळेतून येईपर्यंत सगळे फोटो अल्बममध्ये ओळीने लावूनही ठेवले होते."

"हौस आहे मला," वसंतराव ओशाळून म्हणाले.

असा बाप सगळ्यांना मिळो, असं गोकुळच्या मनात आलं.

---

मृणाल मूळची मुंबईची, बोलायला फटकळ. कॅमेरा तिचा, म्हणून निगेटिव्ह आणि अल्बमही तिच्याच कपाटात होते.

"म्हणजे संशय माझ्यावर," तिने सरळ विचारलं. "माझं लग्न ठरत नाही, हिचं ठरलं, म्हणून मी जळते. असंच बोलतात ना स्टाफरूममध्ये?"

"जळता का?"

"जळते. पण स्वतःचाच हात कापून टाकण्याएवढी नाही."

"निगेटिव्हवरून जादा प्रती काढल्या होत्या?"

"तीन. जयंतीभाईकडे. शाळेतल्या सरुबाईंना एक, हेडमास्तरांना एक, मला एक." तिने आपली प्रत दिली. रजनीबाईंनी तिची मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. अल्बममधले फोटो त्यांनी एकेक करून बाहेर काढले. छत्तीसच्या छत्तीस होते, आणि प्रत्येकामागे ४४१७ होता.

"हा क्रमांक कसला?"

"पिशवीचा. पिशवीवरच फॉर्म छापलेला असतो. नाव, पत्ता, प्रत्येकी किती प्रती, सगळं वरच लिहायचं. मी लिहिलं होतं, प्रत्येकी एक."

"निगेटिव्ह कशात ठेवल्यात?"

"लॅबच्या पाकिटातच. जाड आहे म्हणून फेकलं नाही." मृणालने खाकी पाकीट पुढे केलं. त्यावर तिकिटांची रांगच होती. रजनीबाईंनी ती दोनदा मोजली, ओठांशी काही हिशेब केला आणि अल्बमसकट सगळं मागून घेतलं.

"बाई, तिकिटं जमवता काय?" जिना उतरताना गोकुळने विचारलं.

"नाही. वाचते."

मले काय समजलं नाही, असं गोकुळ मनातल्या मनात म्हणाला. त्याला ते रोजचंच होतं.

---

जयंतीभाईंनी हात वर केले. "बेन, माझ्याकडे कलर थोडंच धुते? माझा माल वापी जाते. आणि माझ्या पेपरच्या पाठी कधी नंबर नसते. बघून घ्या ना."

त्यांनी पाच-सात प्रती उलट्या करून दाखवल्या. सगळ्यांची पाठ कोरी होती.

"मास्तरणींनी रोल मुंबईला पाठवला त्याचा राग आला होता तुम्हाला?"

"आला तो! हे अल्बमवाले आमच्या पोटावर येते. पण राग आला तर मी कोणाची छोकरी बदनाम करीश?"

"खराब झालेले फोटो ठेवता? याच आकाराचे छत्तीस द्या."

"रद्दी? काय करशो?"

उत्तर न देता रजनीबाई समोरच्या किराणा दुकानात शिरल्या. फोटोंसकट अल्बम, निगेटिव्ह आणि रिकामं पाकीट त्यांनी साखरेच्या तराजूत टाकायला लावलं. दुकानदाराने वजनं बदलून पाहिली. "दोनशे चाळीस."

मग त्यांनी रद्दीतले छत्तीस फोटो वर ठेवले. "आता?"

"तीनशे चाळीस, समजा."

गोकुळ दुकानदाराकडे पाहून ओशाळवाणा हसला. बाई फोटोंची भाजी करणार की काय, अशी त्याला धास्ती वाटत होती. रजनीबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. काही सापडलं की त्या खूश व्हायच्या, हे गोकुळला ठाऊक होतं. आज काहीतरी सापडलं होतं आणि त्या खूश नव्हत्या.

---

झिपरू मसाटच्या रस्त्याला एका चाळीत राहायचा. त्याची आई मंजुळाबाई दारातच आडवी आली.

"आणखी काय राहिलं करायचं? पोराचं काम गेलं. त्या म्हाताऱ्यानं भर रस्त्यात जोड्यानं मारलं त्याला. का, तर फोटोत शेजारी बसला."

झिपरू बाहेर आला. गालावर वळ होता. "बाईंनीच सांगितलं, झिपरू, बस, तुझा बी फोटू काढते. म्या बसलो. मले लिहिता येत नाही नीट, रत्नागिरीले काय पत्ता टाकू?"

"लग्न रत्नागिरीला ठरलंय, हे तुला कधी कळलं?"

"मार खाल्ला तवा."

गोकुळला रडूच आलं. वाटेत रजनीबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी मुळ्यांच्या घरी. झिपरूलाही आण. आणि त्याला खुर्चीवर बसव."

---

मुळ्यांची पुढची खोली लहानच होती. वैशाली, मृणाल आणि रजनीबाई बसल्या. झिपरूला खुर्ची दिली तेव्हा वसंतराव उठून उभे राहिले.

"हा माझ्या घरात बसणार?"

"बसणार," रजनीबाई म्हणाल्या. "त्याने काहीही केलेलं नाही." मग त्या सगळ्यांना उद्देशून बोलू लागल्या.

"सगळ्यांनी एकच गृहीत धरलं होतं. अल्बममध्ये छत्तीस फोटो पुरे आहेत, म्हणजे रत्नागिरीला गेलेली प्रत मागाहून निगेटिव्हवरून काढली. म्हणून संशय मृणालवर, जयंतीभाईंवर. पण त्या फोटोमागे ४४१७ आहे, मूळ पिशवीचा क्रमांक. जयंतीभाईंच्या प्रतींची पाठ कोरी असते. म्हणजे ही प्रत मागाहून निघालेली नाही. ती पहिल्याच खेपेला, बाकीच्यांबरोबर निघाली."

"पण मी एकेकच मागितली होती," मृणाल म्हणाली.

"तुम्ही एक लिहिलं. फॉर्म पिशवीवर, उघडाच होता. एकाचे दोन करायला पेनाचा एक फटकारा पुरतो. लॅबने दोन संच काढले. आता दुसरा संच गेला कुठे? ते पाकिटानेच सांगितलं. तिकिटं साडेतीनशे ग्रॅमची आहेत, आणि पाकिटासकट माल भरतो दोनशे चाळीस. रोज शेकडो पाकिटं टाकणारी लॅब फुकटची तिकिटं चिकटवत नाही. त्यात आणखी छत्तीस फोटो ठेवले की तीनशे चाळीस भरतं, म्हणजे साडेतीनशेच्या टप्प्यात बरोबर बसतं. दोन्ही संच एकाच पाकिटातून सिल्वासात आले, आणि शाळेत पोचला एकच. वजन घटलं ते वाटेत नाही, या घरात."

गोकुळच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागायचा, पण या खेपेला तो पडला आणि त्याला नको झाला.

"पिशवी कोणी टाकली? पाकीट सोडवून, फोडून, फोटो कोणी लावले? पोस्टमनला किती पैसे दिले, ते एकट्याला कोणाला ठाऊक होतं? जयंतीभाईंकडे रोल गेला असता तर फोटो सगळ्यांसमोर काउंटरवर आले असते. ते आधी आपल्या हातात यावेत, म्हणून टपालाची लॅब कोणी सुचवली?" रजनीबाई वळल्या. "वसंतराव, मी चुकत असेन तर सांगा. मला आनंद होईल."

"कुंपणानंच शेत खाल्लं," गोकुळ हळूच म्हणाला.

वसंतराव पुन्हा खुर्चीत बसले. डोळे टिपायचा रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. आता त्याची गरज नव्हती.

"पिशवी टाकली तेव्हा तुम्ही फोटो पाहिलेही नव्हते," मृणाल म्हणाली. "कशासाठी दुसरा संच?"

"सहलीचे छत्तीस फोटो," वसंतराव शांतपणे म्हणाले. "त्यात एक तरी कामाचा निघतोच."

वैशालीने मान वर केली. "बाबा, आधीची दोन स्थळं?"

"त्यांना फोटो लागला नाही. पत्रावर भागलं."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, हेच गोकुळला भयंकर वाटलं. कचेरीतला जुना कागद वाचून दाखवावा तसे ते बोलत होते.

"तू गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?" ते म्हणाले. "आई गेल्यावर मी दुसरं लग्न केलं नाही, ते तुझ्यासाठी. त्याची फेड नको का? आणि लिहा हो बाई, रत्नागिरीला खुशाल लिहा. मुलीचा बापच असला निघाला, असं लिहा. बघू या कुठलं घर या मुलीला सून करून घेतं."

माणूस नीच होता, पण हिशेबात चुकला नव्हता. नाव सांगितलं नाही तर लग्न मोडणार, आणि हे नाव सांगितलं तरी मोडणार.

रजनीबाई वैशालीजवळ गेल्या. "माझं काम संपलं. कोण ते कळलं नाही, असं मी लिहू शकते. कदाचित थोडी मुदत देतील ते. तुम्ही म्हणाल तसं."

"आणि झिपरू?"

"त्याच्यावरचा आळ तसाच राहील."

वैशालीने झिपरूच्या गालावरचा वळ पाहिला. झिपरू घाईने म्हणाला, "माझं सोडा बाई. म्या कारखान्यात लागून जाईन. तुमचं लगीन..."

"नाव लिहा," वैशाली म्हणाली. "पूर्ण लिहा. वसंत गणेश मुळ्ये, मुलीचे वडील. एक प्रत हेडमास्तरांना द्या."

"वैशू, वेडी आहेस का?" वसंतरावांचा आवाज आता पहिल्यांदा कापला.

---

झिपरू सोमवारी कामावर रुजू झाला. गुरुवारी रत्नागिरीहून तार आली. रजनीबाईंच्या पत्त्यावर आली म्हणून ती घेऊन गोकुळच मुळ्यांकडे गेला. दारात द्यायची आणि पळायचं, असं त्याने वाटेभर ठरवलं होतं.

वैशालीने तार उभ्यानेच वाचली. 'खुलाशाबद्दल आभार. अशा घराशी संबंध नको.' तिने ती आणखी एकदा वाचली. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही, आणि त्यामुळे गोकुळला पळता येईना.

आतून वसंतराव आले. त्यांनी तिच्या हातातून तार घेतली, वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं त्याला समाधानच म्हणावं लागेल.

"सांगितलं होतं मी," ते मायेने म्हणाले. "जाऊ दे. झालं ते झालं. आज आमटी कर चिंचगुळाची. दोघं बसून जेवू."

वैशाली आत गेली. भांड्यांचा आवाज येईल म्हणून वसंतराव कान देऊन उभे राहिले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पत्र्याची ट्रंक होती.

"गोकुळभाऊ, ही मृणालच्या खोलीवर न्यायची आहे. हात लावता?"

"वैशू," वसंतराव म्हणाले. "लग्न नाही, काही नाही. कुठे निघालीस?"

"लग्न झालं असतं तर बाबा, सणावाराला आले असते मी," वैशाली म्हणाली.

गोकुळने ट्रंक खांद्यावर घेतली. पाठीमागून वसंतराव तिला नावाने हाका मारत राहिले, आधी रागाने, मग लाडाने, मग नुसत्याच. ती रिक्षात बसली आणि ट्रंक नीट बांधली का, एवढंच तिने विचारलं.