कोरडा बर्फ पाखडताना

टेम्पोला आग लागली आहे असं वाटून मी रिक्षा थांबवायला लावली.

कामणच्या रस्त्याला, वखारींच्या अलीकडे, एक टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. मागे ठेवलेल्या मोठ्या पेटीच्या फटीतून पांढरा धूर येत होता, आणि एक माणूस खाली वाकून शांतपणे चाकाचे नट पिळत बसला होता.

"अहो, मागे पेटलंय!" मी ओरडले. पिशवीतली बाटली काढली आणि सगळं पाणी त्या फटीत ओतलं.

धूर दुप्पट झाला. फसफसत एक पांढरा ढग बाहेर पडला आणि माझ्या साडीच्या निऱ्यांवरून खाली उतरला... गार, अगदी गार!

तो माणूस उठला. उंच, सावळा, कानशिलांवर पिकायला लागलेले केस. "मॅडम, आता सर्दी झाली तर मला बोलू नका हां."

"हे... हे काय आहे?"

"बर्फ. कोरडा बर्फ. वितळून पाणी होत नाही, त्याची सरळ वाफ होते."

"कोरडा बर्फ?" मी रागावल्यासारखं केलं. "मग ओला विस्तवही असेल तुमच्याकडे!"

"माझ्याकडे नाही," तो माझ्या रिकाम्या बाटलीकडे बघत म्हणाला, "पण आताच एक रिक्षातून उतरला."

हसू आवरायला मी पदराशी चाळा करत राहिले. मी तेव्हा पंचेचाळिशीला आले होते. मनवेलपाड्यात आईबरोबर राहत होते. भावंडांची शिक्षणं, लग्नं करून देता देता माझं लग्न राहून गेलं होतं, आणि त्याबद्दल आता कोणी विचारतही नव्हतं. अशा वयात कोणी आपल्याला विस्तव म्हणावं...

चाक बसल्यावर कळलं, तो आमच्याच कारखान्यात निघाला होता.

आमचा कारखाना वेफर बिस्किटांचा. भट्टीत लोखंडी तवे साखळीवर फिरायचे. त्यांच्यावर जाळीची नक्षी, आणि त्या नक्षीत वर्षभराची साखर जळून बसायची. दिवाळीच्या सुट्टीत भट्टी थंड करायची, तवे उतरवायचे, आणि आमच्या बायका पितळी तारांच्या ब्रशांनी ते घासत बसायच्या. बोटं सोलायची, तव्यांवर चरे पडायचे. त्या चऱ्यांत पुढच्या वर्षी साखर आणखी घट्ट धरायची. मी तिथली सुपरवायझर. बायकांच्या बोटांना हळद मीच लावायची.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, मालक दिनानाथशेठनी हे नवीन यंत्र चालवून बघायला बोलावलं होतं. यंत्रवाल्याचं नाव सॅन्टन. इथल्याच नंदाखाल गावचा. आठ वर्षं बहरीनला हेच काम करून परत आला होता. पाइपातून हवेच्या जोराने तांदळाएवढे बर्फाचे दाणे तव्यावर मारायचे. जळकी खरड गारठते, तडकते आणि सुटून पडते. बर्फाची वाफ होऊन जाते. पाणी नाही, साबण नाही, तवे उतरवायचं काम नाही.

"शेठनी सांगितलंय, संध्याकाळी ते येतील तेव्हा सगळे तवे स्वच्छ दिसले पाहिजेत. तर दर महिन्याचं काम मला," नळ्या जोडता जोडता तो म्हणाला. "वसईतलं पहिलंच काम आहे माझं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बहरीन. तिथली कंपनी परत बोलावतेय. आजच फोन करून हो की नाही सांगायचंय."

त्याने ते सहज सांगितलं. मला मात्र उगाच वाटलं की सगळे तवे आजच्या आज लख्ख व्हावेत... सकाळपर्यंत ज्याचं नावही माहीत नव्हतं, त्याच्यासाठी!

तो कॉम्प्रेसरशी खटपट करत होता तेवढ्यात बाहेरून नथूमामांची हाक आली. नथूमामा आमचे वॉचमन, अर्नाळ्याच्या बंदरावर जन्म गेलेला माणूस.

"ताई, काळजी करू नका! बरफ वाचवला मी. पानी होऊन चालला होता सगला, धूर बघवंना. बाजूच्या वखारीतून पोतंभर भुसा आनला न् आत कालवला. आमी लाद्या भुशातच ठेवायचो. दोन दिस हलायचा नाय!"

सॅन्टनने पेटीचं झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र दाण्यांत लाकडाचा भुसा छान एकजीव झाला होता. भुशाविना एक ओंजळही सुटली नव्हती.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"भुसा नळीत गेला की नळी चोंदणार." त्याने झाकण लावलं. मग नथूमामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, तुमचा बर्फ असता तर खरंच वाचला असता."

बिचारे नथूमामा! त्यांचा चेहरा एवढासा झाला.

दुसरा बर्फ दिवाळीच्या दिवसांत मिळणार नव्हता, आणि होता तो दर घटकेला हवेत चालला होता. मी पेटीत वाकून पाहिलं. तांदळाएवढे दाणे. भुसा हलका, दाणे जड...

"कृष्णाबाई," तवे घासणाऱ्यांतल्या थोरलीला मी हाक मारली, "कँटीनमधली सुपं आणा. सगळी."

"सुपं? भात करायचाय का ताई ह्याचा?"

"पाखडायचा आहे."

सॅन्टनने सगळ्यांना जाड हातमोजे दिले. "उघड्यावर बसा, वाऱ्याला. बंद खोलीत ही वाफ बरी नाही. आणि हाताला लावू नका, भाजल्यासारखे फोड येतील." मग अंगणात आम्ही ओळीने बसलो आणि कोरडा बर्फ पाखडू लागलो. सुपातून भुसा उडे, दाणे खुळखुळत मागे राहत, आणि प्रत्येक झटक्याला धुक्याची एक लाट आमच्या मांडीवरून घसरत जाई.

तोही सूप घेऊन माझ्या शेजारी बसला. पहिल्याच झटक्यात त्याचा निम्मा बर्फ जमिनीवर.

"अहो मिस्त्री, वाचवायचाय तो!"

"बहरीनमध्ये हे शिकवलं नव्हतं."

"मनगट सैल सोडा. असं... नाही, असं."

"परत दाखवा."

"तीनदा दाखवलं."

"हो, पण मी सुपाकडे बघतच नव्हतो."

पलीकडे कृष्णाबाई खोकल्या. "ताई, तुमच्या सुपातलं धुकं जरा जास्तच वाढलंय हो!" सगळ्या खिदळल्या. माझे कान तापले, आणि हात मात्र मोज्यांतही गारठले होते.

दुपारी चहाच्या वेळी तो नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेला. गेटमधून जाताना त्याची पाठ दिसली. जातोय, मला वाटलं. बर्फ निम्मा राहिलाय, काम पुरं होणार नाही... तिकडे हो म्हणून सांगायला जातोय. चहा कपातच निवला. तो परत आल्यावर मी काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

यंत्र सुरू झालं तेव्हा कानठळ्या बसल्या. सगळी दारं उघडी, कानांत कापसाचे बोळे. बोलणं शक्यच नव्हतं. त्याने नळी रोखली आणि काळा तवा आमच्या डोळ्यांदेखत रुपेरी झाला... जाळीतला एकेक चौकोन स्वच्छ! त्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. तो पुढच्या तव्याकडे वळला, पुन्हा मागे बघितलं. प्रत्येक तव्याला तो मागे बघत होता, आणि प्रत्येक तव्याला मी मान डोलावत होते.

शेवटचे काही तवे राहिले आणि बर्फ संपला.

"आम्ही घासून देतो की पटकन," कृष्णाबाई म्हणाल्या. "शेठना काय कळतंय?"

सॅन्टनने मान हलवली. "नको. जे यंत्राने झालं नाही, ते झालं म्हणून दाखवणार नाही."

"राहू देत काळे," मी म्हटलं. "भट्टी पेटवा. एक घाणा काढू."

दिनानाथशेठ आले तेव्हा वेफर निघत होते. स्वच्छ तव्यांवरचे अलगद, अख्खे सुटून येत होते. काळ्या तव्यांवरचे चिकटून, तुटून, तुकडे तुकडे. शेठनी दोन्ही हातांत घेऊन बघितले. "हे तवे का राहिले?"

"बर्फ कमी पडला," मी सांगितलं. नथूमामांचं नाव घेतलं नाही. "पण राहिले म्हणून तर फरक दिसतोय, शेठ. आणि घासणाऱ्या बायकांना पॅकिंगला घ्या, तिकडे माणसं कमीच आहेत."

शेठनी अख्खा वेफर तोंडात टाकला. "दर महिन्याला या," ते सॅन्टनला म्हणाले. "आणि पुढच्या वेळी बर्फ जास्त आणा."

शेठची गाडी गेली. तो नळ्या गुंडाळू लागला. मी उगाच सुपं एकात एक घालत उभी राहिले.

"मग आता परत फोन करावा लागेल तुम्हाला," मी म्हटलं. "बहरीनला. येत नाही म्हणून."

"तो दुपारीच केला."

"दुपारी? पण तेव्हा तर... बर्फात भुसा होता. काम मिळेल की नाही ते..."

"माहीत नव्हतं." त्याने नळी खाली ठेवली. "पण मीराबाई, पाखडता पाखडता मला कळलं की काम नाही मिळालं तरी मी जाणार नाही. वडलांची केळीची वाडी आहे, पोट भरेल. तिकडे परत जाऊन मी रोज..." तो अडखळला. दिवसभर एवढा बोलका माणूस, आणि आता शब्द शोधत होता. "रोज मागे वळून बघितलं असतं. आणि मान डोलवायला कोणी नसतं."

मी हातातली सुपं खाली ठेवली. वखारींच्या पत्र्यांवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "रविवारी घरी या. आईला भेटायला."

"चर्चमधली मिस्सा झाली की येतो."

"आमच्याकडे मासे-मटण नसतं हं."

"मग मी काय आणू?" तो हसला. "बघतो."

रविवारी दार वाजलं. आईने उघडलं. दारात सॅन्टन, मिस्साचा कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खांद्यावर केळीचा अख्खा घड! तीन मजले चढून घामाघूम झाला होता. आईने वर बघितलं, खाली बघितलं. ख्रिस्ती माणूस, लेकीच्या कारखान्यातला, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

"अहो, घरात आम्ही दोघीच," आई म्हणाली. "एवढी केळी कोण खाणार?"

सॅन्टनने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर मी घरात सगळ्यांसाठी बोलले होते, भावांसाठी, बहिणींसाठी. स्वतःसाठी बोलायची ती पहिलीच वेळ.

"सॅन्टन येत जातील, आई," मी म्हटलं. "रोज."

आईने माझ्याकडे बघितलं. मग दारातून बाजूला झाली.

"मग उभे काय राहिलात?" ती त्याला म्हणाली. "ती खिडकीची खुंटी दिसतेय ना, तिथे टांगा. खाली ठेवली की डागळतात."