एका पत्त्यावर चाळीस दुकानं

"आत्या, मला कामावरनं काढतायत."

फोनवर संघमित्रा रडत नव्हती. त्यावरनंच शकुआत्यानं ओळखलं, मामला टाइट आहे.

मुलुंडला विद्याधरशेठचा कारखाना, हॉस्पिटलच्या खाटांना चाकं बनवतो. पवईच्या एका हॉस्पिटलनं भाव मागवला होता. संघमित्रानं तो मेलनं पाठवला. हॉस्पिटल म्हणालं, आम्हाला काही आलंच नाही. ऑर्डर गेली. शेठ म्हणाले, पोरीनं पत्ताच चुकीचा टाकला. शनिवारपर्यंत तुझी चूक नाही हे दाखव, नाहीतर घरी बस.

शकुआत्या शाळा फार शिकली नव्हती, पण टपाल खात्यात तीस वर्षं पत्रं लावलेली बाई. पत्र हरवलं म्हटलं की तिला घरात बसवत नाही. शुक्रवारी ती कारखान्यात उभी.

शेठनी खुर्ची दिली नाही. वही मात्र उघडली.

"तुमचा ईमेल सांगा आधी. दारात आलेल्या प्रत्येकाचा घेतो मी. माणसं जोडावी लागतात, बाई."

आत्यानं सांगितला. कोपऱ्यात सुयोग बसला होता, शेठना मेलची सेवा विकणारा. अंगाला सेंट एवढा, की चाकांच्या ग्रीसचा वासही मान खाली घालून गेला.

"मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "यांचा मेल शेअर्ड. एका सर्व्हरवर चाळीस धंदे, बाहेर पत्ता एकच दिसतो. एकानं कचरा पाठवला की पत्ता बदनाम, मग चाळीसही जणांचे मेल समोरचा थेट स्पॅममध्ये टाकतो. डेडिकेटेड घ्या. म्हणजे चाळ सोडून स्वतंत्र बंगला!"

"आणि कचरा करणारा कोण?"

"असेल कुणी फालतू शेजारी."

"काही सांगू नकोस," शेठ खेकसले. "सहा वर्षं शेअर्डच आहे. आत्ताच बरं बिघडलं? ही पोरगीच बेफिकीर."

आत्या भाचीकडे वळली. "कधीपासून गं बिघडलंय?"

"पाडव्यापासून. मध्ये मे महिन्यात थोडे दिवस सगळं पोचत होतं."

"तेव्हा वेगळं काय होतं?"

"काहीच नाही. शेठ पंधरा दिवस गावाला होते. तिकडे रेंज नाही."

"बघा!" शेठनी टेबलावर थाप मारली. "मी नसलो की ही नीट काम करते!"

आत्यानं सुयोगकडून शेजाऱ्यांची यादी काढून घेतली आणि दुपारभर फोन लावले. बोरिवलीचा केटरर, घाटकोपरचा चष्मेवाला, अंधेरीची शिवणयंत्रवाली. तिघांचंही रडगाणं एकच. पाडव्यापासून मेलची वाट लागलेली, मे महिन्यात थोडे दिवस बरं.

शनिवारी सकाळी आत्यानं स्वतःच्या फोनवरचं स्पॅम उघडलं. त्यात एक गुलाबी कमळ होतं.

ती उठली आणि मुलुंडची बस धरली.

"सुयोग, ह्या सर्व्हरवरनं कोण किती मेल पाठवतो, त्याची नोंद असते ना? ती उघड."

"मॅडम, त्यापेक्षा डेडिकेटेड..."

"उघड रे."

सुयोगनं उघडली. स्क्रीनकडे बघितलं. मग शेठकडे. मग पायातल्या बुटांकडे.

"रोज सकाळी सात वाजता नऊ हजार मेल. एकाच खात्यातनं."

"कुणाच्या?"

"शेठच्या."

आत्यानं फोन टेबलावर ठेवला. गुलाबी कमळ, वर 'सुप्रभात', खाली सुविचार, त्याखाली विद्याधरशेठचं नाव.

"पाडव्याला तुम्ही नेम धरलात," आत्या म्हणाली. "वहीतल्या नऊ हजार लोकांना रोज शहाणपण वाटायचं. कुणी मागितलं होतं? लोकांनी वैतागून स्पॅम, स्पॅम दाबलं आणि पत्ता काळ्या यादीत गेला. गावाला रेंज नव्हती म्हणून तुमचं शहाणपण थांबलं, तशी चारपाच दिवसांत यादी सैल झाली. परत आलात, परत बोंब. काल मी ईमेल दिला, आज मला कमळ. तो फालतू शेजारी तुम्हीच, शेठ."

"अहो, पण सुविचार होते ते! कालचा तर प्रामाणिकपणावर होता!"

"म्हणून तर कुणी वाचला नाही. काय रे सुयोग, बंगला घेतला असता तर?"

"तर..." सुयोगनं घाम पुसला. "तोही पत्ता बदनाम झाला असता. एकट्याचा."

"आणि नावं ठेवायला शेजारीही उरला नसता. ही नोंद तू आधी का नाही बघितलीस? बंगला खपवायचा होता ना?"

सुयोग लॅपटॉप बंद करण्यात फार गुंतला.

"बरं, बरं," शेठ म्हणाले. "ये सोमवारपासून."

संघमित्रा जागची हलली नाही.

"आधी लिहून द्या, चूक कुणाची होती ते."

"मेल करतो."

"कागदावर. सहीनिशी."

शेठनी लिहिलं: सदर चूक कर्मचाऱ्याची नव्हती.

"मग कुणाची?"

शेठनी आत्याकडे बघितलं. आत्या पंख्याकडे बघत होती. दुसरी ओळही लिहावी लागली.

"आता बाहेर चला आणि वाचा," संघमित्रा म्हणाली. "बेफिकीर, कामचोर, सगळं बाहेर कामगारांपुढे म्हणाला होतात."

शेठ दारात उभे राहिले आणि पुटपुटायला लागले.

लेथवरनं कुणीतरी ओरडलं, "शेठ, जरा मोठ्यानं! मशीन चालू आहे!"