रस्ता विसरलेला इंजिनिअर

प्रेस्कॉट नावाच्या माणसाला कुणी काही वळणच लावलं नव्हतं, असं ओफेलियाआजीचं ठाम मत होतं. पोर भर रस्त्यात पालथी पडलेली, व्हीलचेअर तिच्या अंगावर, अर्धा दात डांबरावर, आणि हा इंजिनिअर पांढरं हेल्मेट घालून पुदिन्याची गोळी चघळत उभा! हात देणं राहिलं बाजूलाच. वर म्हणतो काय, "जोरात आली असेल. ही मुलं शर्यती लावतात. उतार बरोबर आहे, कॉम्प्युटरनं पास केलाय."

"कॉम्प्युटरनं पास केलाय!" आजीनं त्याची पुन्हा एकदा नक्कल केली आणि मक्याच्या पावाचं पीठ असं घोटलं की भांडं ओट्यावरून पळायला लागलं. "मी शाळा पाचवीत सोडली. पण पडलेल्याला आधी उचलायचं असतं, हे शिकायला मला पाचवीसुद्धा लागली नव्हती!"

टेबलाशी तिघं बसली होती. बारा वर्षांची नात जोनेल, तिचा धाकटा भाऊ क्विन्सी आणि शेजारची मिरेला. मिरेलाचा ओठ सुजून मिरचीसारखा झाला होता.

"मी शर्यत नव्हते लावत," ती म्हणाली. "हळूच उतरत होते. एकदम खुर्ची अडकली आणि मी उडाले."

"माहितेय गं," जोनेल म्हणाली.

"तुला माहितेय. आईला नाही! तिनं त्या माणसाचं ऐकलं. म्हणते, शाळा सुरू झाली की तुझ्याबरोबर नाही जायचं. दारापासून बस, बसमध्ये सांभाळायला बाई. एकटीनं फुटपाथवर पाऊलसुद्धा, म्हणजे चाकसुद्धा टाकायचं नाही!"

कुणी हसलं नाही. नव्या शाळेत आपली आपण जाता यावं म्हणून मिरेलानं वर्षभर दंड कमावले होते. टेकडीवरच्या या वस्तीत ते खायचं काम नव्हतं.

"आपण त्याच्या गाडीच्या टपावर काकवी ओतू या!" क्विन्सी म्हणाला. "मुंग्या उरलेलं बघून घेतील!"

"काकवी महाग आहे," आजी म्हणाली. "आणि तो गाडी धुऊन मोकळा होईल. मला असं काहीतरी हवंय, जे त्याला धुता येणार नाही."

सकाळी सगळी वरात मर्टल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेली. फुटपाथवरून रस्त्यात उतरणारा नवा कोरा काँक्रीटचा उतार, खाली पिवळी खडबडीत पट्टी. दिसायला देखणा. क्विन्सी मात्र गुडघ्यावर बसून उतार संपतो तिथली, पावसाचं पाणी वाहून जायची पन्हळ न्याहाळत होता.

"हे ओरखडे बघा! एक, दोन... अरे, केवढे आहेत! सगळे एकाच जागी!"

"माझी एकटीची खुर्ची एवढे ओरखडे काढणार नाही," मिरेला म्हणाली.

क्विन्सीनं आजीची बाजाराची गाडी उताराच्या वर नेली आणि हळूच सोडली. गाडी शहाण्यासारखी खाली आली, पन्हळीत पोचली आणि खट्! नाक खुपसून उलटी झाली. संत्री रस्ताभर!

"काय हे!" क्विन्सीनं कमरेवर हात ठेवले. "गाडीसुद्धा शर्यत लावत होती वाटतं!"

मग काय, मंडळी थेट लायब्ररीत. जोनेलनं तिथल्या सुट्टीच्या वर्गात डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून कुत्र्याचं घर काढलं होतं. कुत्रा नव्हता, पण घर झकास होतं. महापालिकेच्या कामांची मॉडेलं कुणालाही उघडून बघता येत. जोनेलनं मर्टल स्ट्रीटचं उघडलं. पडद्यावर करडा फुटपाथ आला, उतार आला आणि कोपऱ्यात हिरवी खूण. पास!

आजीचा चेहरा पडला. "म्हणजे खरंच बरोबर आहे मेल्याचं?"

"थांब आजी. फिरवून बघते." जोनेलनं मॉडेल वळवलं, उलटं केलं, खालून बघितलं. उतार खाली येत होता, येत होता, आणि मग...

"रस्ता कुठाय?" मिरेलानं विचारलं.

जोनेल पडद्याला नाक लावून बघायला लागली. "नाहीये! त्यानं रस्ता काढलाच नाही! फुटपाथ जिथं संपला, तिथं मॉडेलच संपलंय. कॉम्प्युटरला वाटतंय, उतारानंतर जगच नाही!"

"म्हणजे जिना काढला आणि खालचा मजला काढायचा विसरला," आजी म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. ते चमकले की घरातली मोठी माणसंसुद्धा जरा मागे सरकत.

"आपला रस्ता मधे फुगलाय ना," मिरेला म्हणाली, "थरावर थर डांबर घालून! कडेला केवढी घसरण आहे. मी उतारावरून खाली येते, आणि समोरून रस्ता चढत असतो. खुर्चीची पाय ठेवायची पट्टी त्यातच रुतली असणार!"

"असणार म्हणून चालायचं नाही," जोनेल म्हणाली. "मोजू या!"

मोजणी म्हणजे युद्धच झालं. एक सरळ फळी, सपाटी बघायची आजोबांची जुनी पाणसळ आणि टेप. पोरं रस्त्याच्या कडेला वाकलेली आणि आजी छत्री आडवी धरून गाड्यांसमोर उभी! एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

"वाजव, वाजव!" आजी ओरडली. "तुझी आई रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, हे लक्षात ठेव!"

ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात असा काढला, जणू तव्याचा चटका बसला असावा.

संध्याकाळपर्यंत जोनेलनं मॉडेलमध्ये खरा रस्ता घातला, फुगवट्यासकट. मिरेलाच्या खुर्चीचं माप घेऊन तशीच खुर्चीही काढली आणि उतारावरून सोडली. खुर्ची खाली आली, पायाची पट्टी पन्हळीला टेकली आणि हिरव्या खुणेची झाली लालभडक! ओरखडे होते ना, नेमकं तिथंच!

"माझी चूक नव्हती," मिरेला हळूच म्हणाली. आणि मग एवढ्या जोरात ओरडली की लायब्ररीच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं, "माझी चूक नव्हती!"

मुलं सरळ स्वभावाची होती. ती आधी प्रेस्कॉटकडेच गेली. त्यानं जोनेलच्या लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"छान हं, बाळांनो. पण सॉफ्टवेअर म्हणजे व्हिडिओ गेम नाही. आणि रस्ता वेगळ्या खात्याचा आहे. माझं काम फुटपाथच्या कडेला संपतं." मग मिरेलाकडे वळून म्हणाला, "तू पुढच्या वेळी ब्रेक वापर."

घरी येऊन हे सांगितल्यावर आजी उठली. तिनं आपली रविवारची जांभळी हॅट काढून तिच्यावरची धूळ झटकली.

"शनिवारी तिथं फीत कापायचा समारंभ आहे," ती म्हणाली. "महापौरबाई येणार, पेपरवाले येणार. त्या माणसाला फोटो आवडतात. आपण त्याला फोटो देऊ."

बेत ऐकून क्विन्सी खुर्चीवर उभा राहून नाचला. जोनेल म्हणाली, "पण आजी, खाली गादी घालू या ना?"

"गादी? मिरेलाला कुणी गादी घातली होती?"

"आजी," मिरेला म्हणाली, "मला त्याला पाडायचंय. मोडायचं नाहीये. हेल्मेट आणि माझे हातमोजे तरी घालू देत."

आजी नाराज झाली. पण पडलेली मिरेला होती, त्यामुळे हुकूमही तिचाच चालायचा.

शनिवारी कोपऱ्यावर गर्दी जमली. फुगे, लिंबाचं सरबत, सगळं होतं. मिरेलाची आई, लुपे, बेकरीतून तशीच आली होती, हाताला पीठ लागलेलं. प्रेस्कॉटनं भाषण ठोकलं. आजी जांभळी हॅट सावरत पुढं झाली.

"मिस्टर प्रेस्कॉट," तिचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा! "एवढं सुंदर काम तुम्ही केलंत, पहिला मान तुमचाच. ही बघा, मिरेलाची जुनी खुर्ची. तुम्हीच उतरून दाखवा की! पेपरवाल्यांना फोटो मिळेल."

"वा! अगदी!" प्रेस्कॉट बसलासुद्धा.

"हे हातमोजे," मिरेला गोड हसून म्हणाली. तुटका दात छान दिसला. "आणि हेल्मेट काढू नका हं. हळूच या. शर्यत लावू नका."

क्विन्सीनं पन्हळीपासून थोडं पुढं डांबरावर खडूनं मोठी फुली मारली.

"हे काय रे?" महापौरबाईंनी विचारलं.

"मॉडेल म्हणतं, ते इथं टेकणार," क्विन्सी म्हणाला.

प्रेस्कॉट हात हलवत निघाला. हळू. अगदी हळू. कॅमेऱ्याकडे बघून हसला. आणि खट्! खुर्ची जागच्या जागी रुतली आणि साहेब एकटेच पुढं निघाले! दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे डांबरावर टेकले. फुली बरोबर त्याच्या पोटाखाली!

गर्दीतून "आई गं!" असा एकच आवाज उठला आणि मागोमाग हशा. "ब्रेक वापरा, ब्रेक!" क्विन्सी ओरडला.

जोनेलनं लॅपटॉप महापौरबाईंपुढे धरला. "हे तुमचं मॉडेल. यात रस्ताच नाही. आणि हे आमचं. यात आहे!" लाल खूण लुकलुकत होती.

"प्रेस्कॉट," महापौरबाईंनी थंड आवाजात विचारलं, "बाकीचे कोपरेसुद्धा असेच केलेत?"

"तोच नमुना... सगळीकडे चिकटवला," तो बसल्या बसल्या पुटपुटला. "रस्ता माझ्या कामात..."

"आजपासून आहे! सगळे कोपरे पुन्हा मोजा, रस्त्यासकट. आणि मोजताना ही मुलं सांगतील तसं." त्या मुलांकडे वळल्या. "तुम्ही आमच्या इंजिनिअरांपेक्षा जास्त पुढचं पाहिलंत. शाबास!" टाळ्या कडाडल्या.

लुपेनं मात्र कुणाकडे पाहिलं नाही. ती मिरेलाच्या खुर्चीपुढं खाली बसली. "मी तुझं ऐकायला हवं होतं, राणी."

"मग शाळेला?"

"जा जोनेलबरोबर. बसवाल्यांना मी नाही म्हणून सांगते."

मिरेलानं एवढ्या वेळात पहिल्यांदाच तोंड झाकून घेतलं आणि ती रडली.

प्रेस्कॉट उठला, पँट झटकली आणि आजीकडे आला. खिशातून पुदिन्याची गोळी काढून तिच्यापुढं धरली. "मिस ओफेलिया, माझी चूक झाली. आता झालं गेलं विसरू या. मिटलं ना?"

आजीनं गोळीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. आणि पेपरवाल्यांनाही नीट ऐकू जावं म्हणून आवाज चढवला.

"रस्ता काढायला विसरलास, ती चूक. चूक माझ्याकडूनही होते. पण रक्तानं तोंड भरलेल्या पोरीवर तू बोट दाखवलंस, आणि तिच्या आईला तिच्यावर अविश्वास ठेवायला लावलंस. ती चूक नव्हती, प्रेस्कॉट, ती तुझी वृत्ती होती. काँक्रीट फोडून पुन्हा ओततील. तुला कुठून फोडायचं, ते मला अजून ठरवायचंय. नाही मिटलं!"